जीडीबीला आपल्या चिपची ओळख करून देताना

जीडीबी हा डिबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला, तो पूर्ण संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी. त्यामुळे काही गृहीतके त्याच्या घडणीतच आहेत. मेमरी वाचल्याने काही बिघडत नाही, ब्रेकपॉइंट हवे तितके लावता येतात आणि प्रोग्राम थांबला की त्याच्याशी संबंधित सगळेच थांबते, ही त्यांतली मुख्य तीन. मायक्रोकंट्रोलरवर यांतले एकही खरे नाही. तिथे काही रजिस्टरे नुसती वाचली तरी बदलतात, ब्रेकपॉइंट बोटांवर मोजण्याइतके मिळतात आणि कोअर थांबला तरी वॉचडॉग टायमर चालूच राहू शकतो. जीडीबी सुरू होताना जी फाइल वाचतो, त्या डॉट-जीडीबीइनिट फाइलमध्ये आपल्या चिपची ही वस्तुस्थिती लिहून ठेवणे म्हणजेच त्याला एम्बेडेड कामासाठी तयार करणे. रंग, प्रॉम्प्ट आणि खिडक्यांची मांडणी या गोष्टी नंतरच्या.

बेळगाव-निपाणी भागात हा विषय बहुतेकांच्या वाट्याला एलपीसी२१४८ या चिपवर येतो. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासक्रमात संगणकशास्त्राच्या चौथ्या सत्राला मायक्रोकंट्रोलर आणि एम्बेडेड सिस्टिम हा विषय होता. त्याच्या प्रात्यक्षिकांसाठी एआरएम७टीडीएमआय कोअरची हीच चिप आणि कायल हे सॉफ्टवेअर नेमलेले होते. त्यामुळे या भागातल्या अनेक प्रयोगशाळांच्या कपाटांत हे बोर्ड आहेत. कायल शिकण्यासाठी चांगले आहे, पण ते विंडोजवर चालते आणि त्याच्या मोफत मूल्यमापन आवृत्तीत ३२ किलोबाइट कोडची मर्यादा आहे. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स वापरणाऱ्याला, किंवा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एसटीएम३२ घेणाऱ्याला, जीडीबी आणि त्याला चिपशी जोडणारा ओपन-ओसीडी ही जोडी मोफत मिळते आणि दोन्ही चिपवर चालते. ओपन-ओसीडीचा जन्म २००५ मध्ये डॉमिनिक राठ यांच्या जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथील पदविका प्रबंधातून झाला आणि तो मुळात एआरएम७ व एआरएम९ साठीच होता. त्यामुळे ही जुनी चिप त्याला परकी नाही.

या लेखात कमांड, फाइलींची नावे आणि हेक्स पत्त्यांतली अक्षरेही देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

उबंटूवर जीडीबी-मल्टिआर्च हे पॅकेज घ्यावे, किंवा एआरएम कंपनीच्या टूलचेनबरोबर येणारा एआरएम-नन-ईएबीआय-जीडीबी वापरावा. संगणकाच्या प्रोग्रामसाठी येणारा साधा जीडीबी एआरएमचा कोड ओळखेलच असे नाही. ईएलएफ फाइल उघडली की आर्किटेक्चर आपोआप ठरते. नुसती बायनरी फाइल हाताशी असेल तर मात्र ‘सेट आर्किटेक्चर एआरएमव्ही४टी’ असे सांगावे लागते.

सेटिंगच्या फाइली दोन ठेवाव्यात. होम फोल्डरमधल्या फाइलमध्ये व्यक्तीच्या सवयी आणि प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये चिपची माहिती. प्रकल्पातली फाइल जीडीबी आपण होऊन वाचत नाही. आवृत्ती ७.५ पासून सुरक्षित फोल्डरांची यादी आली आणि यादीबाहेरची फाइल दिसली की तो इशारा देऊन ती सोडून देतो. त्या इशाऱ्यातच ‘अॅड-ऑटो-लोड-सेफ-पाथ’ ही ओळ कशी लिहायची ते दिलेले असते. ती ओळ होमच्या फाइलमध्ये घालावी आणि तिच्यात नेमक्या प्रकल्पाचाच पत्ता द्यावा. कटकट नको म्हणून संपूर्ण डिस्क सुरक्षित ठरवण्याची युक्ती सर्रास वापरली जाते, पण सामाईक संगणकावर ती वापरू नये. जीडीबीच्या फाइलमधून शेलच्या कमांड चालवता येतात, म्हणजे दुसऱ्या कोणी ठेवलेली फाइल आपल्या नावावर काहीही करू शकते.

होमच्या फाइलमध्ये थोड्याच ओळी पुरतात. ‘सेट पेजिनेशन ऑफ’ने लांब उत्तर मध्येच अडत नाही. ‘सेट प्रिंट प्रिटी ऑन’ने स्ट्रक्चर ओळीओळीने दिसते. ‘सेट हिस्टरी सेव्ह ऑन’ने आधी दिलेल्या कमांड पुढच्या वेळी मिळतात, मात्र त्या फाइलीत उतरतात जीडीबी बंद होताना. मध्येच वीज गेली किंवा संगणक अडकला तर त्या बैठकीचा इतिहास जातो. महत्त्वाच्या तपासाची नोंद हवी असेल तर ‘सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन’ द्यावे, कारण लॉग त्याच वेळी लिहिला जातो. आवृत्ती १२ च्या आधी ही कमांड ‘सेट लॉगिंग ऑन’ अशी होती. सोबत ‘सेट ट्रेस-कमांड्स ऑन’ दिले की उत्तरांबरोबर विचारलेल्या कमांडही लॉगमध्ये येतात, आणि प्रात्यक्षिकाची वही लिहिताना त्याचा मोठा उपयोग होतो. ‘सेट कन्फर्म ऑफ’ अनेक तयार फाइलींत आढळते. सरावलेल्या माणसाला ते सोयीचे आहे. शिकाऊ हातांत मात्र पुष्टीचा प्रश्न चालूच ठेवावा, कारण सगळे ब्रेकपॉइंट एका शब्दात पुसले जातात.

जोडणीच्या बाबतीत पहिली अडचण वायरची असते. एलपीसी२१४८ ला जेटॅग लागते. एसटीएम३२ साठी बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या एसटी-लिंकचा तिथे उपयोग होत नाही. जे-लिंक किंवा एफटी२२३२ चिपवर बेतलेला जेटॅग अडॅप्टर हवा. बोर्डावर २० पिनांचे जेटॅग कनेक्टर आहे का, हेही आधी पाहावे, कारण काही बोर्डांवर फक्त सिरीयलवरून प्रोग्राम भरण्याची सोय असते. रिसेटच्या क्षणी पी१.२६ ही पिन लो असेल तरच पी१.२६ ते पी१.३१ या पिना डिबगसाठी उघडतात. बोर्डावर त्यासाठी जंपर असेल तर तो तपासावा.

दुसरी अडचण वेगाची. एआरएम७टीडीएमआय-एस कोअरवर जेटॅगचा वेग चिपच्या घड्याळाच्या एक षष्ठांशाच्या आत ठेवावा लागतो. या बोर्डांवर सहसा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि रिसेटनंतर पीएलएल बंद असते. म्हणजे सुरुवातीला २ मेगाहर्ट्झ ही कमाल मर्यादा. प्रोग्रामने चिप ६० मेगाहर्ट्झवर नेल्यानंतर चालणारा वेग रिसेटच्या क्षणी चालत नाही आणि जोडणी कधी होते, कधी होत नाही. ओपन-ओसीडीच्या फाइलमध्ये ‘अडॅप्टर स्पीड ५००’ लिहून सुरुवात करावी. अर्धा मेगाहर्ट्झ संथ वाटतो, पण खात्रीचा असतो.

प्रकल्पाच्या फाइलमध्ये ‘टार्गेट एक्स्टेंडेड-रिमोट’ ही ओळ ओपन-ओसीडीच्या ३३३३ या पोर्टसह लिहावी आणि तिच्याखाली ‘मॉनिटर रिसेट हॉल्ट’. ‘मॉनिटर’ने सुरू होणारी कमांड जीडीबी स्वतः चालवत नाही, ओपन-ओसीडीकडे जशीच्या तशी पाठवतो. एलपीसी२१४८ रिसेटनंतर आधी स्वतःच्या बूटलोडरमध्ये जाते. त्यामुळे शून्य पत्त्यापासूनच्या व्हेक्टरांच्या जागी कधी बूटलोडरचे व्हेक्टर दिसतात आणि आपला प्रोग्राम भरलाच गेला नाही असे वाटते. मेममॅप या रजिस्टरात, म्हणजे हेक्स ई०१एफसी०४० या पत्त्यावर, १ लिहिले की तिथे फ्लॅशमधले व्हेक्टर येतात. ‘मॉनिटर एमडब्ल्यूबी’ने हे लिखाण जोडणीच्या वेळीच उरकावे. ‘लोड’ने प्रोग्राम भरल्यावर ‘कम्पेअर-सेक्शन्स’ने पडताळणी करता येते. व्हेक्टर असलेला विभाग या पडताळणीत जुळला नाही तर गोंधळू नये. बूटलोडरला व्हेक्टरांची बेरीज शून्य लागते, म्हणून हेक्स १४ या पत्त्यावर ओपन-ओसीडी स्वतः चेकसम मोजून लिहितो आणि फरक दिसतो तो त्याचा.

जोडणी चालू असताना अचानक तुटली आणि ती प्रत्येक वेळी प्रोग्रामच्या सुरुवातीच्या भागातच तुटत असेल, तर वायर बदलण्याआधी पिनसेल२ हे रजिस्टर पाहावे. पत्ता ई००२सी०१४. याचा, शून्यापासून मोजता, २ क्रमांकाचा बिट १ असेल तर डिबगच्या पिना डिबगच्या राहतात, ० झाला की त्या साध्या पोर्टच्या पिना होतात. अनेक नमुना प्रोग्रामांत सुरुवातीलाच पिनसेल२ मध्ये सरळ शून्य लिहिलेले असते. कायलच्या सिम्युलेटरमध्ये असा प्रोग्राम बिनतक्रार चालतो, खऱ्या बोर्डावर मात्र ती ओळ चालताच डिबगर बाहेर फेकला जातो. हवे तेच बिट बदलून बाकीचे तसेच ठेवणे, हा यावरचा उपाय.

सेटिंगमधला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी भाग मेमरीच्या नकाशाचा आहे. ‘मेम’ या कमांडला सुरुवातीचा पत्ता, शेवटचा पत्ता आणि त्या भागाचे गुणधर्म द्यायचे असतात. एलपीसी२१४८ साठी ० ते ८०००० हा ५१२ किलोबाइटचा फ्लॅश ‘आरओ’, म्हणजे फक्त वाचण्याचा. ४००००००० ते ४०००८००० ही ३२ किलोबाइट रॅम ‘आरडब्ल्यू’. ई००००००० ते ई०२००००० हा पेरिफेरलांचा पट्टा, तोही वाचण्या-लिहिण्याचा आणि ३२ बिटांचा. शेवटचा पत्ता त्या भागात धरला जात नाही. हा नकाशा दिला की नकाशाबाहेरच्या पत्त्यावर जीडीबी जायलाच नकार देतो. चुकीच्या पॉइंटरचे मूल्य छापायला गेल्यामुळे बसवर भलताच पत्ता मागितला जाणे त्याने टळते.

पेरिफेरलांच्या पट्ट्यात एक खिंड मुद्दाम ठेवावी लागते. यूएआरटी० चे येणारे अक्षर ई०००सी००० या पत्त्यावर वाचायचे असते आणि ते वाचले की रांगेतून निघून जाते. डिबगरच्या खिडकीत हे रजिस्टर उघडे ठेवले तर पीसीवरून आलेले अक्षर प्रोग्रामच्या आधी डिबगरच वाचून टाकतो. मग डिबग करताना अक्षरे गळतात आणि डिबगर काढला की प्रोग्राम नीट चालतो. यावर कोडमध्ये कितीही शोध घेतला तरी काही सापडत नाही. म्हणून ई०००सी००० ते ई०००सी००४ हा चार बाइटांचा भाग ‘डब्ल्यूओ’, म्हणजे फक्त लिहिण्याचा, म्हणून जाहीर करावा आणि पट्ट्याचे उरलेले दोन तुकडे वेगळे द्यावेत. जीडीबी मग तो पत्ता वाचत नाही. लाइन स्टेटस रजिस्टर, पत्ता ई०००सी०१४, वाचल्यावर त्यातले चुकांचे बिट पुसले जातात. ते अधूनमधून पाहणे गरजेचे असल्याने बंद करू नये, पण ‘डिस्प्ले’च्या यादीत कधीही घालू नये.

या नकाशाचे एक पथ्य आहे. हाताने नकाशा दिला की ओपन-ओसीडीने जीडीबीला पाठवलेला नकाशा बाजूला पडतो, आणि कोणता भाग फ्लॅश आहे हे जीडीबीला त्या दुसऱ्या नकाशातूनच कळते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी ‘लोड’, मग आपला नकाशा. पुन्हा प्रोग्राम भरायचा झाला तर ‘मेम ऑटो’ देऊन मूळ नकाशा परत आणावा, ‘लोड’ करावे आणि आपला नकाशा पुन्हा लावावा. या तिन्ही पायऱ्या ‘डिफाइन’ने एका कमांडमध्ये बांधल्या की विसरण्याचा प्रश्न उरत नाही.

फ्लॅशमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट लावता येत नाही. सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ सूचनेच्या जागी थांबण्याची सूचना लिहिणे, आणि फ्लॅशमध्ये असे सहज लिहिता येत नाही. म्हणून हार्डवेअरचेच वापरावे लागतात. एआरएम७टीडीएमआय मध्ये त्यासाठी फक्त दोन तुलनायंत्रे आहेत आणि ब्रेकपॉइंट व वॉचपॉइंट दोघांनाही तीच वापरावी लागतात. ‘नेक्स्ट’ने फंक्शन ओलांडताना आणि ‘फिनिश’ने त्यातून बाहेर पडताना जीडीबीला एक तात्पुरता ब्रेकपॉइंट लागतो. थोडक्यात, मनासारखा लावायला एकच उरतो. ‘सेट रिमोट हार्डवेअर-ब्रेकपॉइंट-लिमिट २’ ही ओळ फाइलमध्ये घातली की मर्यादा ओलांडल्याचे जीडीबी वेळीच सांगतो. ‘ब्रेक’पेक्षा ‘टीब्रेक’ची सवय लावून घ्यावी. एकदा थांबल्यावर तो स्वतःच पुसला जातो आणि जागा मोकळी होते. एसटीएम३२एफ१०३ वर परिस्थिती बरीच सैल आहे. त्याच्या कॉर्टेक्स-एम३ कोअरमध्ये सूचनांसाठी ६ आणि डेटावर नजर ठेवण्यासाठी वेगळी ४ तुलनायंत्रे आहेत. ज्याला डिबगिंगच शिकायचे आहे त्याने शक्य असेल तर या चिपवर शिकावे.

प्रत्येक थांब्यावर काय दिसावे, हे ‘हुक-स्टॉप’ या नावाने कमांड लिहून ठरवता येते. इथे मोह आवरावा. सगळी रजिस्टरे, स्टॅक आणि दोन पोर्ट दर थांब्याला छापणारी फाइल पाहायला छान वाटते, पण संथ जेटॅगवर प्रत्येक ‘स्टेपआय’ रेंगाळतो आणि नजर महत्त्वाच्या बदलावर ठरत नाही. ‘सेट डिसअसेंबल-नेक्स्ट-लाइन ऑन’ने पुढची सूचना दिसते, आणि तिच्याबरोबर एका ओळीत मोडचे नाव छापले तर पुरते. बाकीचे ‘लेआउट रेग्ज’ने हवे तेव्हाच उघडावे.

मोडचे नाव मुद्दाम सुचवले आहे. एआरएम७ मधले निम्मे गोंधळ कोअर कोणत्या मोडमध्ये आहे हे न पाहिल्यामुळे होतात. सीपीएसआर या रजिस्टराच्या खालच्या पाच बिटांत मोड असतो: हेक्स १० म्हणजे यूजर, ११ एफआयक्यू, १२ आयआरक्यू, १३ सुपरवायझर, १७ अबॉर्ट, १बी अनडिफाइन्ड, १एफ सिस्टिम. ‘मोड’ नावाची कमांड लिहून तिच्यात सीपीएसआर आणि हेक्स १एफ यांचा ‘अँड’ काढावा व ‘इफ’ने नाव छापावे. ५ क्रमांकाचा बिट १ असेल तर कोअर थंब सूचना चालवत आहे, हेही तिथेच सांगावे. दुसरी कमांड ‘अबॉर्ट’ची. प्रोग्राम डेटा अबॉर्टच्या हँडलरमध्ये अडकला असेल तर हँडलरच्या पहिल्याच सूचनेवर थांबल्यावर लिंक रजिस्टरमधून ८ वजा केले की दोषी सूचनेचा पत्ता मिळतो. प्रीफेच अबॉर्टसाठी ४ वजा करायचे. तो पत्ता ‘इन्फो लाइन’ला दिला की सी प्रोग्राममधली ओळ समोर येते. ‘बोर्ड हँग झाला’ एवढेच म्हणून रिसेटचे बटण दाबण्यापेक्षा ही दोन मिनिटे सार्थकी लागतात.

कॉर्टेक्स-एम३ वर हेच काम हार्डफॉल्टच्या कमांडने करायचे. फॉल्टचे कारण सांगणाऱ्या रजिस्टरांपैकी सीएफएसआर ई०००ईडी२८ वर आणि एचएफएसआर ई०००ईडी२सी वर असते. बस फॉल्टचा पत्ता ई०००ईडी३८ वर मिळतो, पण तो खरा आहे की नाही हे सीएफएसआरमधला संबंधित बिट सांगतो. फॉल्टच्या वेळी कोअर आठ शब्द स्टॅकवर टाकतो: आर०, आर१, आर२, आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. म्हणजे दोषी सूचनेचा पत्ता स्टॅकच्या टोकापासून २४ बाइटांवर. मुख्य स्टॅक की प्रोसेस स्टॅक, हे हँडलरमध्ये शिरताना एलआरमध्ये आलेल्या मूल्याचा २ क्रमांकाचा बिट सांगतो: ० असेल तर मुख्य, १ असेल तर प्रोसेस. एवढे सगळे घाईत आठवत नाही. एकदा फाइलमध्ये लिहावे आणि कायमचे वापरावे.

वॉचडॉगचा बंदोबस्तही फाइलमध्येच करावा. एसटीएम३२एफ१०३ वर ई००४२००४ या पत्त्यावरच्या रजिस्टरात ८ आणि ९ क्रमांकाचे बिट लावले, म्हणजे हेक्स ३०० मिळवले, की कोअर थांबल्यावर दोन्ही वॉचडॉगही थांबतात. एलपीसी२१४८ साठी डिबगच्या बिल्डमध्ये वॉचडॉग सुरूच न करणे हे सोपे. स्टेप करताना दर वेळी टायमरच्या इंटरप्टमध्येच शिरायला होत असेल, तर कॉर्टेक्स-एमसाठी ओपन-ओसीडीत ‘कॉर्टेक्स_एम मास्कआयएसआर’ ही सोय आहे. ती ‘मॉनिटर’मार्फत वापरावी.

स्वतः लिहिलेल्या प्रत्येक कमांडला ‘डॉक्युमेंट’ने मदतीचा मजकूर जोडता येतो. कमांडचे नाव इंग्रजी अक्षरे, आकडे आणि एक-दोन चिन्हे यांतच ठेवावे लागते, पण मदतीचा मजकूर आणि ‘इको’ने छापलेली वाक्ये देवनागरीत लिहिता येतात. टर्मिनल यूटीएफ-८ वर असले की पुरे. खानापूर, निपाणी, चिकोडी या तालुक्यांतून मराठी किंवा कन्नड माध्यमात शाळा शिकून आलेल्या मुलामुलींसमोर चिपचे इंग्रजी मॅन्युअल, जीडीबीची इंग्रजी मदत आणि नवा विषय हे सगळे एकाच वेळी येते. ‘हेल्प मोड’ असे विचारल्यावर ‘कोअर सध्या कोणत्या मोडमध्ये आहे ते दाखवते, अबॉर्ट दिसल्यास पुढे अबॉर्ट कमांड द्या’ असे उत्तर आले तर पहिल्या दिवसापासून त्यांचे हात चालतात. खाली तेच कन्नडमध्ये लिहावे. मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणारे सहाध्यायी या भागात प्रत्येक वर्गात आहेत, आणि एका प्रयोगशाळेसाठी हे काम एका दुपारचे आहे.

घरी बोर्ड नसेल तरी सराव थांबत नाही. क्यूएमयू या एम्युलेटरमध्ये एसटीएम३२व्हीएलडिस्कव्हरी हा कॉर्टेक्स-एम३ बोर्ड आहे. छोटा ‘एस’ आणि मोठा ‘एस’ असे दोन पर्याय देऊन तो सुरू केला की पहिल्या सूचनेआधीच थांबून १२३४ या पोर्टवर जीडीबीची वाट पाहतो. फॉल्टची कमांड तिथे लिहून तपासता येते. पेरिफेरलांचे वागणे आणि तुलनायंत्रांची मर्यादा मात्र खऱ्या बोर्डावरच अनुभवाला येते, आणि एलपीसी२१४८ क्यूएमयूत नाही.

तयार झालेली फाइल प्रकल्पाच्या गिटमध्ये, कोडच्या शेजारी ठेवावी. तिच्या पहिल्या ओळींत टिप्पणी म्हणून चिपचे पूर्ण नाव, क्रिस्टलची वारंवारिता, अडॅप्टरचा प्रकार आणि जीडीबीची आवृत्ती लिहावी. एलपीसी२१४८ ची फाइल एसटीएम३२ वर उचलून वापरू नये. तिथे पत्ते वेगळे, मोड वेगळे आणि ब्रेकपॉइंटची संख्याही वेगळी. चिप बदलली की नवे मॅन्युअल उघडून मेमरीच्या नकाशापासून फाइल पुन्हा लिहावी.